पहिला सेकंद

भुसावळात, छातीच्या दवाखान्यात,
माझं काम लोकांना फुंकायला लावायचं.
नाकाला चिमटा, तोंडात पुठ्ठ्याची नळी,
आणि मी ओरडते: सोडा सोडा सोडा सोडा,
अजून, अजून, थांबू नका!
दिवसाला वीस-बावीस जण.
मुलगी म्हणते, आई,
तू झोपेतही कुणाला तरी फुंकायला सांगतेस.

मंगळवारी सुपडू चिंधू बाविस्कर आला.
वय अठ्ठावन्न. विडी नाही, तंबाखू नाही.
व्यवसायाच्या रकान्यात मी लिहिलं मजूर,
त्याने वाचलं, त्यावर बोट ठेवलं:
ताई, खोडा ते. क्लॅरनेट.
बत्तीस लग्नसराया. लाल कोट, पितळी गुंड्या.
घर राखेच्या तळ्याशेजारी,
वीज तयार झाल्यावर उरलेलं सगळं
जिथे पाइपातून ओलं येतं
आणि उन्हात उडतं.

चैत्रात बायको खाटेवर बिबडे घालते,
वरून जुनं लुगडं पांघरते.
तरी तळल्यावर दातांखाली कचकच येतेच.
पाहुणे काही बोलत नाहीत,
आणखी एक घ्या म्हटलं
की पोटावरून हात फिरवतात.

कचकच कळते ती राख बरी.
ती नाकाच्या केसांत अडते, खाकरून पडते.
डॉक्टरांच्या भिंतीवरच्या चित्रात
मी रोज पाहते ती दुसरी:
एका केसाच्या रुंदीत तीस जणी बसतील इतकी बारीक,
फांदीवरून डहाळीवर, डहाळीवरून देठावर,
पार शेवटच्या फुग्यापर्यंत उतरणारी.
तिथे एक राखणदार पेशी असते.
ती कण गिळते. पचत नाही.
पोटात तो तसाच घेऊन मरते,
मग दुसरी येते, त्या दोघांना गिळायला.
जागा हळूहळू कडक होते,
ओलं विसरून उन्हात सुकलेल्या ढोलाच्या चामड्यासारखी.

सुपडूने फुंकलं.
यंत्राने लिहिलं: प्रयत्न अपुरा.
पुन्हा फुंकलं, डोळे मिटून, गाल न फुगवता,
लांब, सरळ, सुतात ओवलेली हवा.
अशी मी इतक्या वर्षांत पाहिली नव्हती.
यंत्राने लिहिलं: प्रयत्न अपुरा.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात आलं.
यंत्राला हवा असतो पहिला सेकंद.
असेल नसेल ते एकदम उधळा,
तरच ते तुम्हाला मोजतं.
आणि हा माणूस जन्मभर शिकला
श्वास पुरवून वापरायला,
घोड्यापासून मांडवाच्या दारापर्यंत
एकाच सुरावर, चिमटीचिमटीने.

'आते तो बी पुरस नही,' तो म्हणाला.
'सूर अर्धामाच तुटस.
मांगला पोऱ्या वाजाडस,
मी नुस्ता बोटं हालावस.'

मी चिमटा सरळ केला. म्हटलं, भाऊ,
वरात विसरा.
समजा नातवाच्या सदऱ्यावर ठिणगी पडलीये.
विझवा.

त्याने विझवली.
मग खुर्चीचा दांडा धरून
पाच मिनिटं खोकला.

कागदावर रेघ आली.
चढ ठीक, उतार मात्र मध्येच खचलेला,
कुणी बसून उठलेल्या गादीसारखा.
शेजारी आकडा. तो मी सांगायचा नसतो,
तो डॉक्टर सांगतात.
म्हणून म्हटलं, छान फुंकलंत.
हे मी सगळ्यांनाच म्हणते.

नळी टोपलीत टाकणार तोच त्याने हात पुढे केला.
'नवीच शे ना, कसाले फेकतस?
नातूले देसू.'
नियमात बसत नाही.
दिली.

नातू बाहेर बाकावर होता, सहा-सात वर्षांचा.
जिना उतरता उतरता भोंगा वाजला,
कर्कश, बेसूर,
सगळा एकदम उधळलेला.
पुढचा पेशंट आत येऊन बसला होता,
चिमटा माझ्या हातात होता,
आणि मी, काही कारण नसताना,
भिंतीवरच्या घड्याळाचा काटा पाहत उभी.